चौघांचा संच आणि चार जबाबदाऱ्या : हिंगोली परिसरातील गोंधळाच्या संदर्भात संगीतसमूहांच्या रचनेचे विवेचन

सारांश

चार सदस्यांचा संगीतसमूह ही रचना लोकसंगीत, भक्तिसंगीत, शास्त्रीय संगीत आणि पाश्चात्त्य संगीत अशा परस्परांपासून दूर असलेल्या प्रकारांत आढळते. हिंगोली जिल्ह्याच्या परिसरात कुलाचार म्हणून घातला जाणारा गोंधळ हे या रचनेचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात गोंधळाचा चौघांचा संच केंद्रस्थानी ठेवून, समूहाची रचना माणसांच्या संख्येने ठरते की त्यांनी वाटून घेतलेल्या कामांनी, या प्रश्नाचा विचार केला आहे. कथन, लय, आधारस्वर आणि प्रतिसाद या चार जबाबदाऱ्या बहुतेक संगीतप्रकारांत कोणत्या ना कोणत्या रूपात उपस्थित असतात. त्यांपैकी सर्वांत साधी वाटणारी जबाबदारी हीच पुढील पिढीच्या शिक्षणाची जागा असते. ती जागा यंत्राने किंवा काटकसरीने भरून काढली, तर त्या दिवसाचा कार्यक्रम पार पडतो, परंतु परंपरेचा पाया खचतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गोंधळ, संबळ, तुणतुणे, झीलकरी, आधारस्वर, वृंद, चौकडी, लोककलांचे दस्तऐवजीकरण.

१. प्रस्तावना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हा जिल्हा प्रशासकीय दृष्ट्या नवा असला, तरी त्याची सांस्कृतिक परंपरा प्राचीन आहे. कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाते. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगक्षेत्र नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या कथांशी जोडलेले आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका आणि धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी या दोन देवता या भागातील असंख्य कुटुंबांच्या कुलस्वामिनी आहेत. त्यामुळे एकीकडे वारकरी भजन-कीर्तन आणि दुसरीकडे देवीचा गोंधळ, असे समूहगायनाचे दोन समृद्ध प्रवाह येथे शेजारीशेजारी वाहत आले आहेत.

या परंपरांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला. पहिले अंग धार्मिक व सांस्कृतिक इतिहासाचे आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या ग्रंथात गोंधळी, वाघ्या-मुरळी, वासुदेव आदी उपासकांचा घेतलेला शोध या अंगाने पायाभूत ठरला. दुसरे अंग वाङ्मयीन आहे. गोंधळात म्हटली जाणारी पदे, आरत्या आणि आख्याने यांचे संकलन त्यात येते. या दोन्ही अंगांचे मोल मान्य करूनही एक बाजू तुलनेने मागे राहते, ती म्हणजे समूहाच्या अंतर्रचनेची. चार माणसे एकत्र उभी राहतात तेव्हा त्यांच्यात कामाची वाटणी कशी होते, आणि त्यांतील एक कमी झाला तर नेमके काय कमी होते, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने केवळ सैद्धांतिक नाही. लोकसाहित्याचे अध्यापन, विद्यार्थ्यांचे क्षेत्रीय प्रकल्प आणि युवक महोत्सवाची तयारी या तिन्ही ठिकाणी तो व्यवहारात समोर येतो.

२. संख्या आणि कार्य : संकल्पनात्मक चौकट

कोणत्याही संगीतसमूहाचे वर्णन दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार गणनेचा. किती गायक, किती वादक, कोणती वाद्ये, अशी नोंद त्यात होते. दुसरा प्रकार कार्याचा. समूहातील प्रत्येक व्यक्ती संगीताच्या घडणीत कोणते काम करते, हे त्यात पाहिले जाते. या दुसऱ्या दृष्टीने पाहिल्यास गायनप्रधान समूहांत साधारणपणे पुढील चार जबाबदाऱ्या आढळतात.

(अ) कथन अथवा मुख्य गायन : शब्द, चाल आणि प्रसंग पुढे नेण्याचे काम.

(आ) लय : काळाचे मोजमाप सांभाळण्याचे आणि गती वाढवण्या-कमी करण्याचे काम.

(इ) आधारस्वर : ज्यावर सर्व गायन उभे राहते तो मूळ स्वर अखंड जागता ठेवण्याचे काम.

(ई) प्रतिसाद : मुख्य गायकाची ओळ उचलणे, लांबवणे, तिला दुजोरा देणे किंवा तिच्यावर प्रश्न विचारणे.

या चार जबाबदाऱ्या म्हणजे चार माणसे नव्हेत. एकच माणूस दोन कामे करू शकतो आणि एकच काम चारजण मिळूनही करू शकतात. उलट, माणसे चार असूनही एखादी जबाबदारी रिकामी राहू शकते. संख्या आणि कार्य यांतील हा फरक लक्षात घेतला म्हणजे समूहांची तुलना अधिक नेमकेपणाने करता येते.

३. ‘संगीतरत्नाकर’मधील वृंदविचार

समूहाची रचना कामानुसार सांगण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात वृंदाचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे प्रकार वर्णिले आहेत. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ समगायक, १२ गायिका, ४ बासरीवादक आणि ४ मृदंगवादक असावेत, असे हे विवेचन आहे. मध्यम वृंद त्याच्या निम्म्याचा. कनिष्ठ वृंदात मात्र मुख्य गायक १, समगायक ३, गायिका ४, बासरीवादक २ आणि मृदंगवादक २ असे प्रमाण दिले आहे.

या वर्गीकरणातील दोन बाबी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली बाब अशी की, शार्ङ्गदेव ‘मुख्य गायक’ आणि ‘समगायक’ यांत स्पष्ट भेद करतो. एकाने गाणे पुढे न्यावे आणि इतरांनी ते धरून ठेवावे, ही विभागणी त्याला मूलभूत वाटते. दुसरी बाब अशी की, उत्तम वृंदात एका मुख्य गायकामागे दोन समगायक येतात, तर कनिष्ठ वृंदात एकामागे तीन. वृंद लहान झाला म्हणून धरणाऱ्यांचे प्रमाण घटत नाही, उलट वाढते. देवगिरी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबाद. मराठवाड्याच्याच भूमीवर आठ शतकांपूर्वी झालेला हा विचार, याच भूमीतील लोककलेच्या संचाकडे पाहताना उपयोगी पडतो.

४. गोंधळाचा चौघांचा संच

४.१ विधी आणि परिसर

लग्न, मुंज यांसारख्या मंगलकार्यानंतर किंवा नवस फेडताना कुलदेवतेचा गोंधळ घालण्याची प्रथा मराठवाड्यात सर्वत्र आढळते. गोंधळी समाजात कदमराई आणि रेणुराई असे दोन प्रमुख भेद मानले जातात. कदमराईंचा संबंध तुळजाभवानीशी, तर रेणुराईंचा माहूरच्या रेणुकेशी सांगितला जातो. महाराष्ट्रात या समाजाचा समावेश भटक्या जमातींच्या यादीत आहे. गावोगावच्या यजमान कुटुंबांशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नाते हा त्यांच्या उपजीविकेचा आधार राहिला.

विधीचा आरंभ चौक मांडण्याने होतो. पाटावर किंवा चौरंगावर वस्त्र अंथरून धान्याची रास, कलश आणि देवीची प्रतिष्ठापना केली जाते. दिवटी पेटवली जाते. त्यानंतर गण, आणि मग गावोगावच्या देवदेवतांना नावे घेऊन गोंधळास येण्याचे आवाहन होते. पुढे देवीची पदे, उत्तरार्धात एखादे आख्यान आणि शेवटी आरती असा क्रम साधारणपणे असतो.

४.२ चौघांची कामे

संच मोठा असू शकतो, परंतु लहान आणि पूर्ण मानला जाणारा संच बहुधा चौघांचा असतो. त्यांतील कामांची वाटणी पुढीलप्रमाणे दिसते.

पहिला, नायक किंवा मुख्य गोंधळी. अंगात पायघोळ झगा आणि गळ्यात कवड्यांची माळ असा त्याचा वेश असतो. पदे म्हणणे, आख्यान सांगणे, अभिनय करणे आणि यजमानाकडून विधी करवून घेणे ही त्याची कामे. आख्यानाचा विस्तार किती करायचा, श्रोत्यांचे लक्ष कोठे ढळले, हे तोच जोखतो.

दुसरा, संबळवादक. लहान व मोठा अशी दोन चर्मवाद्यांची जोडी कमरेला बांधून ती काठ्यांनी वाजवली जाते. त्यांतील एका काठीचे टोक वाकवलेले असते. संबळाचा घोष दूरवर ऐकू जातो. त्यामुळे तो लयीचा आधार आहे आणि गावाला दिलेली वर्दीही आहे. नायक गद्य निवेदनाकडे वळला की संबळ थांबतो किंवा मंदावतो, आणि निवेदन पुन्हा पदावर आले की तो उसळतो. निवेदन व गायन यांच्या सीमारेषेची जाणीव श्रोत्याला मुख्यतः संबळ करून देतो.

तिसरा, तुणतुणेवादक. पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला ताणून बसवलेले कातडे, बाजूला जोडलेली काठी आणि तिच्या वरच्या खुंटीला बांधलेली एकच तार, अशी या वाद्याची घडण. त्यातून एकच स्वर निघतो. ‘तुणतुणे वाजवणे’ हा वाक्प्रचार मराठीत कंटाळवाण्या पुनरुक्तीसाठी रूढ झाला तो यामुळेच. परंतु संगीताच्या दृष्टीने ही पुनरुक्तीच मोलाची आहे. तार छेडण्यातून स्वर आणि ठेका एकाच वेळी मिळतो. नायक निवेदनात कितीही दूर गेला तरी परतण्याचा स्वर तुणतुण्याने जागता ठेवलेला असतो.

चौथा, टाळ किंवा झांज वाजवणारा व दिवटी सांभाळणारा साथीदार. दिवटीत तेल घालणे, तिची ज्योत तेवती ठेवणे, विधीचे साहित्य हाताशी देणे ही कामे त्याच्याकडे येतात. तुणतुणेवादकासह तोही झील धरतो. झील म्हणजे मुख्य गायकाची ओळ संपता संपता उंच स्वरात उचलून लांबवणे. नायकाला श्वास घेण्यास आणि पुढची ओळ आठवण्यास मिळणारा अवकाश हा या झिलीने दिलेला असतो.

४.३ आख्यानातील दुसरा आवाज

झीलकऱ्याचे काम स्वरापुरते मर्यादित नाही. आख्यान सुरू झाले की तोच श्रोत्यांचा प्रतिनिधी होतो. नायकाच्या विधानाला हुंकार देणे, मुद्दाम अडाणी प्रश्न विचारणे, शब्दाचा भलताच अर्थ लावून हशा पिकवणे, कथेतील एखाद्या पात्राचे बोलणे स्वतःकडे घेणे, अशी अनेक रूपे या प्रतिसादाला असतात. महाभारतातील राजस्त्रीची कथा खेड्यातल्या श्रोत्याला आपल्या घरातली वाटते ती या प्रश्नोत्तरांमुळे. शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगभूमीवर गाजवलेल्या ‘जांभूळ आख्याना’चे मूळ गोंधळी परंपरेत आहे. त्या आख्यानाची रंगत केवळ कथानकात नसून कथा सांगणारा व कथेला टोकणारा यांच्या देवाणघेवाणीत आहे. हे आख्यान छापील स्वरूपात एकाच निवेदकाच्या तोंडी घातले, तर कथा शिल्लक राहते, परंतु गोंधळ उरत नाही.

५. परिसरातील अन्य संचांशी तुलना

५.१ वारकरी भजन व कीर्तन

नामदेवांना वारकरी परंपरेत आद्य कीर्तनकाराचा मान आहे. वारकरी कीर्तनात कीर्तनकार, मृदंगवादक, विणेकरी आणि टाळकरी असे घटक असतात. माणसे चारहून कितीतरी अधिक असतात, तरी जबाबदाऱ्या त्याच चार. कीर्तनकाराकडे कथन, मृदंगाकडे लय, वीणेकडे आधारस्वर आणि टाळकऱ्यांकडे ध्रुपद धरण्याचा प्रतिसाद. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. ठरलेल्या पाळीनुसार ती एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माणूस बदलतो, जबाबदारी खंडित होत नाही. संख्या व कार्य यांतील भेद यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

५.२ जागरण आणि शाहिरी

खंडोबाच्या जागरणात वाघ्या डिमडी अथवा खंजिरीच्या ठेक्यावर गातो, साथीला तुणतुणे आणि टाळ असतात, तर मुरळी हातातील घाटी वाजवीत नाचते. येथे प्रतिसाद केवळ गळ्यातून न येता नृत्यातूनही येतो. शाहिरी परंपरेत शाहीर स्वतः डफ हाती घेतो. म्हणजे कथन व लय यांचा काही भाग एकाच व्यक्तीकडे येतो आणि तुणतुणे व झीलकरी मागे उभे राहतात. तमाशाच्या फडात ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज अशी वाद्ये येतात आणि झीलकऱ्यास ‘सुरत्या’ ही स्वतंत्र संज्ञा मिळते. सुरात साथ करणारा तो सुरत्या. नावातच कामाची ओळख आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील होनाजी-बाळा ही जोडी तर रचना एकाची आणि गळा दुसऱ्याचा अशा वाटणीसाठी प्रसिद्ध आहे.

५.३ रागी जथा

नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. हिंगोलीशेजारच्या नांदेड येथील हजूर साहिबसह सर्वच गुरुद्वारांमध्ये कीर्तन करणारा रागी जथा बहुधा तिघांचा असतो. दोघे पेटी वाजवीत गातात आणि तिसरा तबल्यावर साथ करतो. येथे चौथा माणूस का लागत नाही, याचे उत्तर वाद्याच्या स्वरूपात आहे. पेटीवर चाल वाजवता येते आणि आधारस्वरही धरता येतो. दुसरा रागी प्रतिसाद देतो. चार जबाबदाऱ्या तिघांत पूर्ण होतात. मात्र या वाटणीमागे परंपरेने घडवलेली शिस्त आहे. केवळ एक माणूस कमी केल्याने ती निर्माण झालेली नाही.

६. व्यापक संदर्भ : इतर संगीतांतील चौकडी

दक्षिण भारतातील मंदिरांत व मंगलकार्यांत वाजणाऱ्या नागस्वरम संचात नागस्वरम, तविल हे चर्मवाद्य, आधारस्वर देणारे ओत्तु आणि टाळ अशी चार अंगे असतात. ही वाटणी गोंधळाच्या संचाशी आश्चर्यकारक जवळीक दाखवते. तेथे ओत्तुची जागा पुढे बऱ्याच अंशी श्रुतिपेटीने घेतली. हिंदुस्थानी ख्यालगायनाच्या मैफलीत गायक, तबला, पेटी किंवा सारंगी आणि तानपुरा अशी रचना असते, आणि तानपुऱ्याची जागा आता अनेकदा विद्युत तानपुरा घेतो.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात चौकडीची सर्वांत प्रतिष्ठित रचना म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांचा तंतुवाद्यसंच. जोसेफ हायडन (१७३२–१८०९) याच्या १७७२ व १७८१ मधील रचनासंचांनी या प्रकाराला प्रौढ रूप दिले. जर्मन कवी गटे याने १८२९ मधील एका पत्रात या वादनाला चार समंजस माणसांच्या संभाषणाची उपमा दिली. येथे आधारस्वर कोणा एकाकडे कायमचा नसतो आणि मुख्य स्वरावलीही एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते. म्हणजे जबाबदाऱ्या आहेत, पण त्या फिरत्या आहेत.

जॅझ संगीतात जॉन कोल्ट्रेन याच्या १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील चौकडीत सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम अशी वाटणी होती. इंग्लंडमधील बीटल्स या समूहात १९६२ पासून १९७० मधील विघटनापर्यंत जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघे होते. दोन गिटार, बास आणि ड्रम ही त्यांची मूळ मांडणी. गाण्यानुसार मुख्य गायक बदलत असे आणि उरलेले त्याला स्वरसाथ देत. दोन्ही समूहांत वाद्ये निराळी आहेत, पण लय, खालचा आधार, मुख्य स्वर आणि त्याला मिळणारे उत्तर ही कामे ओळखू येतात.

अमेरिकेतील ‘बार्बरशॉप’ या वाद्यविरहित गायनप्रकाराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. त्यात चार पुरुषस्वर किंवा चार स्त्रीस्वर असतात. लीड चाल गातो, टेनर तिच्यावरचा स्वर धरतो, बास तळ सांभाळतो आणि बॅरिटोन उरलेली जागा भरतो. बॅरिटोनच्या वाट्याला आलेले स्वर एकटे ऐकले तर त्यांत चाल अशी सापडत नाही. ते काढून टाकले मात्र की उरलेल्या तिघांचा मेळ पोकळ वाटतो. झीलकऱ्याचे स्थान हे असेच आहे. त्याचे काम स्वतंत्रपणे ऐकवता येत नाही, म्हणून ते नाही असे म्हणता येत नाही.

७. चौथी जागा रिकामी होते तेव्हा

गोंधळाचा संच आज ज्या परिस्थितीतून जात आहे, तिची कारणे उघड आहेत. मिळणारी बिदागी चौघांत वाटावी लागते. रात्रभर चालणारा विधी मंगल कार्यालयाच्या वेळेत बसवण्यासाठी आटोपशीर केला जातो. ध्वनिक्षेपकामुळे एकाचा आवाज चौघांइतका ऐकू जातो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमधून स्वर, ठेका आणि झांजेचा नाद एकाच वेळी काढता येतो. अशा वेळी प्रथम वगळला जातो तो चौथा साथीदार आणि त्यानंतर तुणतुणेवादक.

या बदलात नेमके काय गमावले जाते, हे कार्याच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. आधारस्वर यंत्राने दिला जाऊ शकतो. ठेकाही काही प्रमाणात दिला जाऊ शकतो. प्रतिसाद मात्र यंत्राला देता येत नाही. नायक चुकला तर त्याला सावरणे, श्रोते कंटाळले तर प्रश्न टाकून कथेला वळण देणे, यजमानाच्या घरातील प्रसंग ओळखून विनोद आवरता घेणे, ही कामे ऐकणाऱ्या माणसाचीच आहेत. प्रतिसाद गेला की आख्यान आखडते, आणि आख्यान आखडले की उरतो तो पदांचा कार्यक्रम.

याहून गंभीर हानी दुसरीच आहे. मौखिक परंपरेत शिक्षणासाठी वेगळी शाळा नसते. संचातील सर्वांत साधे काम हीच शाळा असते. ख्यालगायनात गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य साथ करतो आणि त्याच वेळी शिकतोही. कोणत्या क्षणी गुरू काय टाळतो, श्रोत्यांसमोर चूक कशी झाकतो, हे त्याला त्या जागेवरूनच दिसते. गोंधळी घरातील मुलाच्या हाती टाळ किंवा तुणतुणे येते तेव्हा त्याला एकच स्वर, एकच ठेका सांभाळायचा असतो. हात गुंतलेले, कान मोकळे. रात्रीमागून रात्री तीच आख्याने निरनिराळ्या यजमानांसमोर ऐकत तो झील धरू लागतो, मग प्रश्न विचारू लागतो, आणि एखाद्या रात्री नायकाचा घसा बसला की आख्यान पुढे नेतो. टाळापासून नायकपदापर्यंतचा हा जिना आहे. त्याची खालची पायरी काढून घेतल्यावर वरच्या पायरीवरचा माणूस काही काळ तेथेच उभा दिसतो, मात्र त्याच्या मागून कोणी वर येत नाही. तुणतुण्याऐवजी यंत्र आणणे ही काटकसर वाटते खरी, पण तिची किंमत एका पिढीनंतर कळते.

ध्वनिमुद्रणानेही या जागेचे अवमूल्यन केले आहे. कॅसेटच्या काळात एका बाजूला ३० किंवा ४५ मिनिटे एवढीच मर्यादा असे. त्यामुळे हुंकार, प्रश्न आणि विनोद यांची काटछाट होऊन सलग गाणी पुढे आली. संच ओळखला जाऊ लागला तो नायकाच्या नावाने. परभणीचे राजारामबापू कदम यांच्यासारख्या नामवंत गोंधळ्याचे नाव सर्वतोमुखी होणे योग्यच होते, परंतु अशा प्रत्येक नावामागे झील धरणारे जे हात आणि गळे असतात, त्यांची नोंद सहसा होत नाही. या अनुल्लेखाचे परिणाम व्यावहारिकही असतात. राज्य शासनाच्या योजनेतून ज्येष्ठ कलावंतांना मिळणारे मानधन व्यक्तीला मिळते, संचाला नव्हे. आयुष्यभर तुणतुणे वाजवलेल्या माणसापाशी कलावंत असल्याचा पुरावा म्हणून दाखवण्यास निमंत्रणपत्रिका, कात्रण किंवा ध्वनिफीत नसेल, तर त्याचे कलावंतपण सिद्ध करणे कठीण होते.

८. महाविद्यालयीन अध्यापन व दस्तऐवजीकरणासाठी सूचना

हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. मराठीच्या अभ्यासक्रमातील लोकसाहित्य, तसेच राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आलेले भारतीय ज्ञानपरंपरेचे घटक व क्षेत्रीय प्रकल्प यांमुळे विद्यार्थी लोककलावंतांपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढली आहे. त्या दृष्टीने पुढील बाबी विचारात घेता येतील.

(१) नोंदपत्रकात ‘कलावंताचे नाव’ असा एकच रकाना न ठेवता कथन, लय, आधारस्वर व प्रतिसाद असे चार रकाने ठेवावेत आणि प्रत्येकासमोर ते काम करणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. एखादा रकाना यंत्राने भरला असल्यास तशी नोंद करावी.

(२) ध्वनिमुद्रण करताना केवळ नायकासमोर ध्वनिग्राहक न ठेवता झीलकऱ्यांसाठी स्वतंत्र ध्वनिग्राहक ठेवावा. संहिता उतरवून घेताना हुंकार, प्रश्न आणि श्रोत्यांचे हसणे गाळू नये.

(३) मुलाखत चौघांचीही घ्यावी. प्रत्येकाने कोणत्या वाद्यापासून सुरुवात केली, सध्याच्या कामापर्यंत तो किती वर्षांत आला, त्याच्या पूर्वीच्या जागेवर आता कोण आहे, हे तीन प्रश्न विचारले तरी परंपरेचे आरोग्य कळते.

(४) युवक महोत्सवासाठी लोककलेचा संघ बसवताना सर्व विद्यार्थ्यांना एकाच वेळी गाण्यास लावण्याऐवजी कामांची वाटणी करावी. तालमीच्या काळात ही कामे आळीपाळीने बदलावीत. नायकाची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने काही दिवस तुणतुणे हाती घेतले, तर त्याचे गायनही सुधारते.

(५) प्रत्यक्ष गोंधळ्यांना महाविद्यालयात निमंत्रित करताना मानधन संपूर्ण संचाचा विचार करून ठरवावे आणि कार्यक्रमपत्रिकेत चौघांची नावे छापावीत. छापील पत्रिका ही त्या साथीदारासाठी पुढे उपयोगी पडणारी नोंद ठरते.

९. निष्कर्ष

१. चार सदस्यांची रचना अनेक संगीतप्रकारांत आढळत असली, तरी तिचे मर्म संख्येत नसून कथन, लय, आधारस्वर व प्रतिसाद या कामांच्या वाटणीत आहे. रागी जथ्यात ती तिघांत, तर वारकरी कीर्तनात अनेकांत विभागली जाते.

२. गोंधळाच्या संचात ही चारही कामे स्पष्टपणे ओळखता येतात. त्यांपैकी प्रतिसादाचे काम आख्यानाला लोकनाट्याचे रूप देते.

३. पाश्चात्त्य तंतुवाद्यचौकडीत जबाबदाऱ्या एका वाद्याकडून दुसऱ्याकडे फिरतात. गोंधळात त्या एका रात्रीपुरत्या स्थिर असतात, पण कलावंताच्या आयुष्यक्रमात फिरतात. टाळकरी तो झीलकरी आणि झीलकरी तो नायक, असा हा प्रवास असतो.

४. आधारस्वराचे वाद्य हे केवळ साथीचे साधन नसून शिकणाऱ्याची जागा आहे. त्या जागी यंत्र आणल्यास सादरीकरण टिकते, परंतु पुढील नायक घडण्याचा मार्ग बंद होतो.

५. दस्तऐवजीकरणात नायककेंद्री दृष्टी सोडून संचकेंद्री दृष्टी स्वीकारणे हे अभ्यासाच्या अचूकतेसाठी आणि साथीदार कलावंतांच्या न्याय्य मान्यतेसाठीही आवश्यक आहे.

समारोप

गोंधळात देवांना नावे घेऊन बोलावण्याची प्रथा आहे. लहानशा गावाच्या दैवतालाही त्या आवाहनात स्थान असते, कोणाचे नाव राहू नये याची काळजी गोंधळी घेतो. त्याच्या संचाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हीच काळजी घेतली पाहिजे. नायकाचे नाव लिहिले जातेच. संबळाचा घोष इतका मोठा असतो की त्याच्याकडे दुर्लक्ष होत नाही. दिवटीत तेल घालणारा आणि एकाच तारेवर एकच स्वर जागता ठेवणारा यांची नावे मात्र विचारून घ्यावी लागतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना हे काम करणे सहज शक्य आहे, कारण हे कलावंत त्यांच्या विद्यार्थ्यांच्याच गावांत राहतात.